पाळी जायच्या वयात हार्मोनचं औषध: आपल्याला कोणतं चालेल हे कसं ठरवायचं

पाळी कधी वीस दिवसांतच तर कधी दोन-अडीच महिन्यांनी, आली की आठ-दहा दिवस थांबायचं नाव नाही, रात्री दोनला अंगातून एकदम वाफ निघून उशी ओलीचिंब, मधेच छातीत धडधड आणि लेकरांवर उगंच खेकसणं. चाळीस ते पन्नासच्या मधल्या कितीतरी बायकांचं हे रोजचं झालंय आणि घरात कुणाला सांगायची सोय नाही. आपल्याकडं पाळी कायमची बंद व्हायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, युरोप-अमेरिकेत ते ५१ आहे, म्हणजे आपल्या बायकांचं हे सगळं चार-पाच वर्षं आधीच सुरू होतं. सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात आणि त्याच्या आधीची जी गोंधळाची वर्षं असतात ती पेरिमेनोपॉज. ह्याच काळात हार्मोन थेरपीचा, म्हणजे एचआरटीचा विषय निघतो.

मी लातूरला मेडिकल चालवते. काउंटरवर गडीमाणसं असली की बायका बाजूला थांबतात, गर्दी पांगली की हळूच पुढं येऊन म्हणतात, "ताई, अंगाची लई आग व्हायली बघा, आमच्या जावंला ती गोळी दिलती ना डॉक्टरनं, तसलीच द्या." आणि मोबाईलमधी जावेच्या स्ट्रिपचा फोटो. तशी गोळी मी देत नाही, कारण जावेची पिशवी काढलेली असते आणि हिची असते, जावेला बीपी नसतो आणि हिला असतो, मग दोघींना एकच औषध चालणार कसं? एचआरटी म्हणजे एक गोळी नव्हेच, चार-पाच गोष्टी बघून जुळवायचं औषध आहे ते. औषध ठरवायचं काम स्त्रीरोगतज्ज्ञांचं, पण त्या चार-पाच गोष्टी बाईला स्वतःला माहीत असल्या की ओपीडीतल्या पाच मिनिटांत सुद्धा कामाचं बोलणं होतं, म्हणून एवढं लिहायलेय.

आधी हे बघा की गरज आहे का. सगळ्यांनाच लागत नाही. वाफा येतात पण झोप होते, कामं होतात, तर नुसतं थांबून बघायलाही हरकत नाही. पण रात्रीतून तीन-तीनदा उठून पंख्याखाली बसावं लागत असेल, शाळेत-ऑफिसात-रानात काम होत नसेल, मन सतत उदास असेल तर सहन करत बसू नका. वाफा आणि रात्रीचा घाम ह्याच्यावर एचआरटीएवढं गुणकारी दुसरं काहीच नाही, वाफांची संख्या साधारण तीन चतुर्थांशानं कमी होते, झोप लागते, हाडांची झीजही थांबते. वजन उतरावं, कातडी तरुण दिसावी म्हणून मात्र हे औषध नाही. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, त्यात लाईट गेलेली, तेव्हा घाम उन्हाचा की वाफेचा हेच कळत नाही. वाफ ओळखायची खूण म्हणजे ती छातीतून मानेकडं, तोंडाकडं चढते, दोन-चार मिनिटं राहते, आणि ओसरली की कधी कधी थंडी वाजते.

थायरॉइड बिघडलं तरी अशीच धडधड, असाच घाम, अशीच पाळीची गडबड होते, आणि अंगावरून जास्त जाऊन रक्त कमी झालं तरी थकवा आणि धाप असते. म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन आधी बघून घ्यायचं. हार्मोनच्या मोठ्या पॅकेजवर मात्र पैसे घालू नका. वय ४५ च्या वर आहे आणि लक्षणं स्पष्ट आहेत तर एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) वगैरे तपासायची गरजच नसते, कारण ह्या काळात ते आज एक तर पुढच्या आठवड्यात दुसरंच येतं. वय ४५ च्या आत असेल किंवा पिशवी काढलेली असल्यामुळं पाळीवरून अंदाजच येत नसेल तेव्हा ती टेस्ट कामाची.

आता खरा मुद्दा. सगळ्यात पहिला प्रश्न: गर्भपिशवी आहे का?

पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात बनणारं बायकांचं मुख्य हार्मोन, कधीच घ्यायचं नाही. इस्ट्रोजेन पिशवीच्या आतल्या अस्तराला खतासारखं लागू पडतं, ते वाढतच जातं, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर पिशवीच्या कॅन्सरचा धोका होतो. त्याला आवर घालायला सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच. पिशवी काढलेली असेल तर बहुतेक वेळा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. अपवाद आहेत, म्हणजे पिशवीचं तोंड ठेवून वरचाच भाग काढला असेल किंवा आधी एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढायचा आजार) होतं तर डॉक्टर प्रोजेस्टेरॉन देऊ शकतात. म्हणून ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा. त्यात पिशवीबरोबर अंडाशयं काढली का ठेवली हे लिहिलेलं असतं, आणि पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

हे मी इतकं ताणून का सांगायलेय, तर आपल्या भागात पिशवी काढलेल्या बायका किती आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ मधी सरकारनं पाहणी केली तेव्हा ८२ हजारांहून जास्त बायकांमधी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. कोयत्यावर गेलं की एक खाडा पडला तरी पैसे कापतात, फडात ना पाणी ना आडोसा, अंगावरून जायला लागलं की कुणीतरी सांगतं "पिशवी काढून टाक, कटकट मिटंल". कटकट मिटत नाही. अंडाशयं पण काढली असतील तर शरीरातलं इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं, तिशी-पस्तिशीत मेनोपॉज येतो, आणि हाडं आणि हृदय दोन्ही लवकर धोक्यात येतात. अशा बाईला अडचणीचं दुसरं कारण नसेल तर निदान नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं असंच तज्ज्ञ सांगतात. इथं एचआरटी म्हणजे शरीरात असायला पाहिजे होतं तेच परत देणं आहे. पण तिला हे कुणी सांगितलेलंच नसतं, ती दहा वर्षं कंबरदुखीचा मलम न्यायली आणि पेनकिलर खायली. तुमच्या ओळखीत, नात्यात, वस्तीवर अशी कुणी असली तर तिला एवढं नक्की सांगा. अंडाशयं ठेवलेली असली तरी ती जरा लवकर थकू शकतात, म्हणून चाळिशीच्या आत वाफा सुरू झाल्या तर दाखवायलाच पाहिजे.

दुसरा प्रश्न: पाळी अजून येते का? पेरिमेनोपॉजमधी येतच असते, मग ती उशिरा का होईना. तेव्हा इस्ट्रोजेन रोज आणि प्रोजेस्टेरॉन महिन्यातले १२ ते १४ दिवस, असं देतात. ते दिवस संपले की पाळीसारखं जातं, आणि ते ठरल्या वेळेला येतं म्हणून बऱ्याच जणींना बरंच वाटतं. पाळी जाऊन वर्ष झालं असेल तर दोन्ही रोज, मग अंगावरून जाणं हळूहळू बंद होतं. पाळी चालू असतानाच दुसरा प्रकार सुरू केला तर मधेमधे डाग पडत राहतात, बाई घाबरते आणि औषधच सोडून देते. जावेची गोळी का घ्यायची नाही त्याचं हे एक मोठं कारण.

ह्या वयात मुख्य त्रास अंगावरून जास्त जाण्याचा असेल तर आणखी एक सोय आहे. कॉपर टी सारखंच बसवायचं साधन असतं पण त्यात तांब्याच्या ऐवजी ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हार्मोन असतं. अंगावरून जाणं लई कमी होतं, दिवस राहत नाहीत, आणि वरून इस्ट्रोजेन द्यायचं झालं तर पिशवीच्या अस्तराला पाच वर्षं संरक्षणही मिळतं. पिशवी काढायचा सल्ला मिळालाय अशा प्रत्येकीनं "त्याच्या आधी हे बसवून बघता येईल का" हा प्रश्न विचारावा असं माझं मत आहे, आणि त्याच्यावर समाधानकारक उत्तर मिळत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं. संभाजीनगरला घाटीचा सरकारी दवाखाना आहे, अंबाजोगाई, लातूर, नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, तिथं केसपेपर काढून स्त्रीरोग विभागात दाखवता येतं.

तिसरं, गोळी घ्यायची का कातडीवाटे? गोळी स्वस्त, सहज मिळते, साधारण १ मिलिग्रॅम इस्ट्राडायॉलपासून (हा इस्ट्रोजेनचाच प्रकार) सुरू करतात. पण पोटातून गेलेलं इस्ट्रोजेन आधी लिव्हरमधून जातं आणि त्यामुळं रक्तात गुठळी व्हायचा धोका थोडा वाढतो. जेल किंवा पॅच कातडीतून सरळ रक्तात जातो, नेहमीच्या डोसला गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. म्हणून वजन जास्त, बीपी, शुगर, मायग्रेन, पित्ताशयात खडे, ट्रायग्लिसराइड वाढलेले, ह्यातलं काही असेल तर डॉक्टरला स्पष्ट विचारा की मला जेल चालेल का. मिरगीच्या काही गोळ्या आणि टीबीचं रिफॅम्पिसिन पोटातल्या हार्मोनचा असर कमी करतात, थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिचा डोस बदलावा लागू शकतो, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून सोबत न्या.

जेल गोळीपेक्षा महाग पडतं आणि तालुक्याच्या मेडिकलमधी लगेच मिळेलच असं नाही, संपायच्या आठ दिवस आधी सांगून ठेवा. लावायची पद्धत नीट समजून घ्या. अंघोळ करून अंग कोरडं करायचं, सांगितलेलं माप हातावर दंडापर्यंत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरायचं, चोळत बसायचं नाही, छातीवर तर लावायचंच नाही. पाच मिनिटं वाळू द्यायचं, मग झंपर-साडी घालायची. ह्या जेलमधी अल्कोहोल असतं, ओलं असताना पेट घेऊ शकतं, म्हणून लावून लगेच गॅसपाशी किंवा चुलीपुढं बसायचं नाही. लावलेली जागा तासभर धुवायची नाही, हात मात्र साबणानं लगेच धुवायचे, आणि त्या जागेला नातवंडाचा हात लागू द्यायचा नाही, लहान लेकराच्या अंगात हे औषध गेलेलं चांगलं नाही. रानात जाणाऱ्या बायकांना मी सांगते की सकाळी घाम फुटण्याच्या आधी वेळ नसेल तर रात्री झोपताना लावा, फक्त रोज एकच वेळ ठेवा.

प्रोजेस्टेरॉनमधी पण निवड असते. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, महिन्यातले ठरावीक दिवस असेल तर साधारण २०० मिलिग्रॅम आणि रोज असेल तर १०० मिलिग्रॅम, ही रात्री झोपतानाच घ्यायची कारण तिनं गुंगी येते. ज्यांची झोप उडालीय त्यांना हाच फायदा होतो. डायड्रोजेस्टेरॉन हा दुसरा पर्याय. जुन्या कृत्रिम प्रकारांपेक्षा ह्या दोन्हींमधी स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी असावा असं अभ्यासांत दिसतं. आणि एक सांगायचंच राहील, महालक्ष्म्या, तुळजापूर, लग्नघर आलं की पाळी पुढं ढकलायला ज्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या नेतात, ती एचआरटी नव्हे. ह्या वयात ती मनानं घेऊ नका, त्यानं अंगावरून जायचा खरा प्रकार झाकला जातो, आणि गुठळीचा धोका असलेल्या बाईला ती बाधते.

कॅन्सरची भीती सगळ्यांनाच आहे आणि ती कुठून आली ते माहीत पाहिजे. २००२ साली अमेरिकेत एक मोठी चाचणी अर्ध्यात थांबवली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पेरिमेनोपॉजमधल्या नव्हत्याच, आणि औषध होतं घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन आणि जुनं कृत्रिम प्रोजेस्टिन. त्यात वर्षाला दहा हजार बायकांमागं स्तनाच्या कॅन्सरच्या ८ केसेस जास्त निघाल्या. ज्यांची पिशवी काढलेली होती आणि ज्या एकटं इस्ट्रोजेन घेत होत्या त्यांच्यात तो वाढला नाही, उलट थोडा कमी दिसला. धोका शून्य नाही, जितकी जास्त वर्षं दोन्ही हार्मोन एकत्र घ्याल तितका तो थोडा वाढतो. पण वय ६० च्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर निरोगी बाईला सहसा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो, असं आता तज्ज्ञ धरून चालतात. भीतीनं आठ-दहा वर्षं न झोपता काढायची गरज नाही.

काही जणींनी मात्र घेऊच नये: स्तनाचा किंवा पिशवीचा कॅन्सर होऊन गेलाय, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालीय, हार्टअटॅक किंवा लकवा येऊन गेलाय, लिव्हरचा आजार चालू आहे, किंवा अंगावरून जायचं कारण अजून सापडलेलं नाही. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, आधी सोनोग्राफी, लागलं तर अस्तराची तपासणी, मगच हार्मोन. अशा बायकांना वाफांसाठी बिनहार्मोनची औषधं आहेत, व्हेनलाफॅक्सिन, पॅरोक्सेटिन, गॅबापेंटिन, तीही डॉक्टरच्याच सल्ल्यानं, कारण स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन चालत नाही. आणि नुसती खालची कोरडी आग, संबंधाच्या वेळी दुखणं, सारखी सारखी लघवीची जळजळ एवढंच असेल तर पोटातून काहीच घ्यायला नको. एस्ट्रिऑल ह्या इस्ट्रोजेनच्याच प्रकाराची क्रीम आत लावायची असते, रक्तात नावाला उतरते, पिशवी असली तरी सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. हा त्रास बायका सगळ्यात शेवटी सांगतात, कधी कधी सांगतच नाहीत, आणि तो सगळ्यात सोप्या औषधानं जातो. फक्त स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ही क्रीमसुद्धा कॅन्सरच्या डॉक्टरला विचारूनच.

डॉक्टरकडं जाण्याआधी दोन-तीन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखा, किती दिवस गेलं, गाठी पडल्या का, रात्री किती वेळा उठलात एवढं टिपून ठेवा. आईला-बहिणीला कॅन्सर, गुठळी, हाड मोडणं असलं काही होतं का ते घरात विचारून जा. तंबाखू खाता का म्हटल्यावर आपल्या बायका "नाही" म्हणतात, कारण मिश्री त्यांना तंबाखू वाटतच नाही. मिश्री तंबाखूच आहे, सांगा, त्यानं बीपी आणि हृदयावर परिणाम होतो. बीपी, वजन, शुगर, कोलेस्टेरॉल, चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी, हे सुरू करताना करून घ्यायचं. शतावरी, सोयाबीन, जाहिरातीतली टॉनिकं ह्यांचं विचाराल तर सोयाबीन खा, लातूरला काय कमी आहे, पण वाफांवर त्यानं एचआरटीसारखा फरक पडतो असा पुरावा नाही.

सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात "काहीच फरक नाही" म्हणून सोडू नका. वाफा कमी व्हायला काही आठवडे लागतात, पूर्ण असर कळायला तीन महिने द्या. स्तन हुळहुळणं-दुखणं, पोट फुगणं, डोकं दुखणं सुरुवातीला होतं आणि बहुतेकींचं आपोआप जातं, नाही गेलं तर डोस किंवा प्रकार बदलून मिळतो. तीन महिन्यांनी दाखवायचं, मग वर्षातून एकदा. पहिले तीन ते सहा महिने थोडे डाग पडले तर चालतं, त्याच्या पुढंही पडत राहिले, किंवा बंद झालेलं अंगावरून जाणं परत सुरू झालं, तर तपासणी करायचीच. एका पायाच्या पोटरीला अचानक सूज आणि दुखणं, छातीत दुखून धाप लागणं, बोलताना जीभ अडखळणं, असं काही झालं तर तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.

एचआरटीनं दिवस राहायचे थांबत नाहीत हे नवराबायको दोघांनीही ध्यानात ठेवा. नसबंदी झालेली नसेल तर पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यायची. किती वर्षं घ्यायचं ह्याला एक ठरलेला आकडा नाही, दर वर्षी डॉक्टरसोबत बसून अजून लागतं का, डोस कमी करता येतो का हे बघायचं, आणि थांबवायचं ठरलं की हळूहळू कमी करत आणलं तर वाफा एकदम उसळत नाहीत.